पहिला भाडेकरू

कोल्हापूर, रविवार

प्रिय सुन्या,

फ्लॅट लागला एकदाचा भाड्यानं! तुझ्याही घराचं आता तेच करायचंय म्हणालास, म्हणून सगळं लिहितो.

तुला ठाऊकच आहे, आपला फ्लॅट शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. पहिला आला तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. तीन महिन्यांचं डिपॉझिट लगेच टाकतो म्हणाला, वर "करार-बिरार कशाला काका, विश्वास हाय की आपल्यात." तिथंच तो कटला. करार लेखी आणि नोंदवलेला नसला, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मालकाच्याच मानगुटीवर बसतं. तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच, बरं का.

दुसऱ्याची पगाराची स्लिप झक्कास. त्याच्या आताच्या मालकाला फोन केला तर त्यानं इतकं कौतुक केलं की मलाच शंका आली. बला टळावी म्हणून बोलत असणार. त्या गल्लीतल्या किराणावाल्याकडं गेलो. तो नुसता हसला आणि उधारीची वही पुढं सरकवली.

मग सीपीआर हॉस्पिटलमधली एक नर्स आली, आईला घेऊन. फ्लॅट बघायच्या आधीच विचारलं, "२०१९ ला पाणी कुठवर आलेलं?" एजंट मला डोळ्यांनी खुणावत होता. खरं ते सांगितलं: पार्किंगमध्ये आलं होतं, २०२१ लाही आलं, लाईट गेली, पाणी उतरेपर्यंत वर अडकून पडलो. ती आईकडं बघून म्हणाली, "जिना चढता येईल ना तुला?" झालं, माझं ठरलं. ज्याला पुराची काळजी, त्याला घराचीही असते. पण लेका, तिनं माझीच घरफाळ्याची पावती मागितली! चिडलो क्षणभर. मग वाटलं, बरोबरच आहे.

करार ऑनलाईन, घरीच अंगठे लावून झाला. मुद्रांक पाव टक्का, नोंदणी हजार रुपये. आधार, फोटो आणि माहितीचा फॉर्म पोलीस ठाण्यात दिला. लाईट मीटरच्या रीडिंगचा फोटो तेवढा आधी काढून ठेव, मी विसरलो.

किल्ली घेताना आईंनी हळूच विचारलं, "मटण शिजवलं तर चालंल न्हवं?"

कोल्हापुरात ह्ये विचारतात व्हय, मावशी!

तुझा,
बाळ्या