बापाची सीट मिळाली, खुर्चीला 36 वर्षं लागली

संपादक साहेब, नमस्कार.

घराणेशाहीवरचा तुमचा परवाचा लेख वाचला, पटला, पण त्यात सगळी आपलीच नावं होती म्हणून म्हटलं बाहेरचं एक सांगावं. मी झेडपीचा रिटायर्ड गुरुजी, आणि हा माणूस पण मुळात प्राथमिकचा गुरुजीच, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्तच वाचलंय. आयर्लंडचे माजी पंतप्रधान एंडा केनी. आपल्याकडं आयर्लंड म्हटलं की लिओ वराडकर, मालवणकडच्या वराडचे म्हणून आपलेच. पण 2017 ला वराडकर ज्यांच्या जागी बसले ते हे केनी.

वडील हेन्री केनी 1954 पासून मेयोचे खासदार, त्याआधी 1936 ला मेयोच्या फुटबॉल टीमनं 'ऑल आयर्लंड' ही देशातली मोठी स्पर्धा जिंकली त्यात खेळलेले, म्हंजे गावोगाव ओळख. मेयो हा पश्चिमेकडचा भाग, पोरं कामासाठी बाहेर जाणारा, आपल्या बीड-परभणीसारखाच समजा. 1975 ला वडील कॅन्सरनं गेले, पोटनिवडणूक लागली, पोरगं 24 वर्षांचं, उभं केलं आणि आलं निवडून. इथपर्यंतची स्टोरी आपल्याला पाठ आहे. 2014 ला मुंडे साहेब गेल्यावर बीडला प्रीतमताई जवळपास 7 लाखांच्या लीडनं आल्या, सहानुभूती तिकडं पण असते अन् इकडं पण, त्यात मी कुणाला नावं ठेवत नाही.

पण पुढं बघा ना. सीट मिळाली म्हणून लाल दिवा मिळाला नाही. राज्यमंत्री 1986 ला, ते पण वर्षभरच, कॅबिनेट मंत्री थेट 1994 ला. 2001 ला पक्षाचा नेता व्हायला उभे राहिले तर पक्षातल्याच लोकांनी पाडलं, पुढच्या वर्षी निवडणुकीत पक्ष 54 खासदारांवरून 31 वर आला तेव्हा कुठं पक्ष यांच्या गळ्यात टाकला, बुडत्या घराची किल्ली कोण घेणार दुसरं! पंतप्रधान झाले 2011 ला, देशाच्या डोक्यावर 85 अब्ज युरोचं बेलआउट, म्हंजे बुडता देश सावरायचं कर्जाचं पॅकेज असताना.

आणि तिकडची मतदानाची पद्धत लई वेगळी. एका मतदारसंघातून तीन, चार, पाच खासदार, आणि मतदार नावापुढं 1, 2, 3 असे नंबर टाकतो, त्यामुळं आपल्याच पक्षाचा दुसरा उमेदवार पण आपल्याशी भिडतो. 2011 ला मेयोच्या 5 पैकी 4 जागा यांच्या पक्षाला गेल्या. म्हंजे साहेबांच्या पोराला मत द्यायचं नसलं तर पक्ष न सोडता दुसऱ्याला देता येतं. हे आपल्याकडं कामून नाही?

मी केनींचा भक्त नाही बरं का. पाण्याला बिल लावलं तर लोक रस्त्यावर आले, 2016 च्या निवडणुकीत पक्षाचे खासदार 76 चे 50 राहिले. (त्याच साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, आपण रस्त्यावर आलो ते घागरी घेऊन.) 2020 ला ते उभेच राहिले नाहीत.

आता आमच्या चौकातलं सांगतो. मोठ्या घरचं एक पोरगं, आत्ता बारावी पास झालंय, त्याचा वीस फुटी बॅनर, वर 'भावी आमदार'. माझा एक जुना विद्यार्थी 25 वर्षांपासून त्या घरच्या सतरंज्या उचलायलाय. त्याला म्हटलं, अरे तुझा नंबर कधी? तर म्हणाला, "गुरुजी, बॅनरवर हाय की माझा फोटो." जाऊन बघितला. खालच्या लायनीत, डावीकडून अकरावा, अर्धा विजेच्या खांबामागं.

– एक रिटायर्ड गुरुजी, जि. परभणी