चौथ्या रकान्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण व्यावसायिक पर्यावरण आणि व्यवस्थापनाची तत्त्वं शिकवायला नव्याने उभे राहणारे बरेच जण हल्ली मला तेच विचारतात, जे मी तुम्हाला विचारलं होतं: मुलांना व्याख्यांच्या पाठांतरातून बाहेर काढून विश्लेषणाकडे न्यायचं कसं? मी हिशेबतपासणीतून अध्यापनात आलेला माणूस. आकडे वाचता यायचे, वर्ग वाचता येत नव्हता. तुम्ही उपदेश केला नाहीत. स्वतःची टिपणांची फाइल माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "यातलं आवडेल ते घ्या, नाही आवडलं तर का नाही ते समासात लिहा." तेव्हा "थँक्यू" म्हणालो होतो, पण कशाबद्दल म्हणायला हवं होतं ते नंतर कळत गेलं.

त्या फायलीत सुरुवातीलाच चार रकान्यांचा एक साधा तक्ता होता. बाहेर काय बदललं? तो बदल या कंपनीपर्यंत कुठल्या वाटेने पोचतो? पोचायला किती वेळ लागेल? आणि चौथा: काय दिसलं तर आपलं म्हणणं चूक ठरेल?

"व्याजदर वाढले की उद्योगांवर विपरीत परिणाम होतो" हे वाक्य दर वर्गात कोणीतरी लिहितंच. तुमच्या पद्धतीत त्यावर फुली मारायची नसते, दुसरा रकाना पुढे सरकवायचा असतो. वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी घ्या. गिऱ्हाईक हप्त्यांवर घेतं, हप्ता चढतो, खरेदी लांबणीवर पडते. ही झाली एक वाट. साबणाच्या कंपनीला ही वाटच नाही, साबण कोणी हप्त्याने घेत नाही. पण तिचे घाऊक व्यापारी कर्जाऊ पैशावर माल भरतात. पैसा महागला की ते साठा कमी ठेवतात आणि दुकानातली विक्री तेवढीच असूनही कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी काही काळ रोडावतात. तिसऱ्या कंपनीच्या डोक्यावर कर्ज नाही, हाताशी रोकड भरपूर. तिला ठेवींवर जास्त व्याज मिळतं, शिवाय कर्जात रुतलेला प्रतिस्पर्धी स्वस्तात विकायला निघतो. म्हणजे एकाच बातमीचे तीन कंपन्यांसाठी तीन अर्थ.

यातला चौथा रकाना मुलांना सुरुवातीला जाचतो. साबणाच्या कंपनीपुढे एका मुलीने लिहिलं होतं: "दुकानातली विक्रीसुद्धा ऑर्डरींइतकीच घटलेली दिसली, तर साठ्याचं कारण बाद." तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याच व्याख्येत हे वाक्य नाही, आणि ज्याला असं वाक्य लिहिता येतं त्याला व्याख्या विसरली तरी चालते.

राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक अशी जी चौकट आपण फळ्यावर काढतो, तिचा उगम फ्रान्सिस अग्विलार यांच्या १९६७ सालच्या अभ्यासात आहे, हेही तुमच्याच टिपणातून कळलं. तिथे त्यांचा खरा विषय रकाने भरणं हा नव्हताच. व्यवस्थापकांना बाहेरच्या जगाची माहिती मिळते कशी, हा होता. काही माहिती सहज कानावर पडते, काही विषयांवर कान टवकारलेले असतात, काही गोष्टी माणूस जाता जाता विचारून घेतो आणि काहींचा पद्धतशीर शोध घेतो. आपण यातली चौकट उचलली आणि शोधाची बाजू सोडून दिली. त्यामुळे मुलांना वाटतं, चारही खणांत पाच-पाच मुद्दे भरले की विश्लेषण झालं. तुमच्या वर्गात मुद्द्यापुढे "हे कंपनीला कोणाकडून कळलं असतं?" हा प्रश्न ठरलेला असायचा. आता तो माझ्याही वर्गात असतो.

सगळ्यात जास्त ऋणी आहे तो तारखांच्या कागदांबद्दल. प्रकरण शिकवताना शेवट आधी सांगितला की मुलं शेवटाला साजेशी कारणं शोधतात, म्हणून तुम्ही कंपनीचं नाव झाकायचात आणि कागद एकेक करून वाटायचात. पहिला कागद १९८१ चा. कंपनी "क" कॅमेरे स्वस्तात विकते, नफा मिळवते फिल्म, कागद आणि रसायनांवर. सहा वर्षांपूर्वी तिच्याच एका अभियंत्याने फिल्मशिवाय फोटो काढणारं यंत्र जुळवलं आहे: वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र कृष्णधवल, ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. यंदा एका जपानी कंपनीने तसाच बिनफिल्मचा कॅमेरा जगापुढे आणला आहे. "क" च्या स्वतःच्या बाजार-अभ्यासाचा निष्कर्ष असा की धोका खरा आहे, पण हाताशी साधारण दहा वर्षं आहेत. तुम्ही काय कराल?

दुसरा कागद १९८८ चा. "क" ५.१ अब्ज डॉलर मोजून एक औषध कंपनी घेते. तिसरा १९९४ चा: कर्जाचा भार वाढलाय, बाहेरून नवे प्रमुख आलेत, औषधं ठेवायची की विकायची? इथे जवळजवळ अख्खा वर्ग "विका" म्हणतो आणि कारणही चोख देतो: मूळ धंद्यावर लक्ष द्या, कर्ज फेडा. मुलांचं हे उत्तर आणि कंपनीने प्रत्यक्षात केलेली कृती एकच. औषधांचा व्यवसाय विकला गेला, रसायनांचा विभागही त्याच सुमाराला वेगळी कंपनी म्हणून बाहेर पडला. आणि मूळ धंदा कुठला? फिल्मचा.

मग नाव उघड करायचं: कोडॅक. "अहो सर, त्यांना डिजिटल दिसलंच नाही ना?" असं म्हणणारी मुलं तोवर स्वतःच अडखळलेली असतात, कारण पहिल्याच कागदावर त्यांनी वाचलेलं असतं की दिसलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती, हे सांगितलं की गोंधळ आणखी वाढतो. विक्री आहे, नाव आहे, तंत्र आहे, तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागायची वेळ का यावी?

या घटकेला मायकेल पोर्टर यांची १९७९ ची पाच बळं (धंद्यातला नफा ठरवणारी: आताचे प्रतिस्पर्धी, नव्याने शिरू पाहणारे, पर्यायी माल, पुरवठादार आणि गिऱ्हाईक) बाहेर काढायची, आधी नाही. रंगीत फिल्म बनवणं अवघड होतं. अतिशय पातळ थर एकावर एक, अंधारात, जरा इकडेतिकडे न होता चढवायचे. जगात मोजक्याच कंपन्यांना ते साधलं होतं आणि म्हणूनच त्यात नफा होता. डिजिटल कॅमेऱ्याचे भाग बाजारातून विकत घेऊन कोणीही जुळवू शकत होतं. तंत्रज्ञान बदललं त्याबरोबर प्रवेशाची भिंतही पडली, आणि भिंतीआड साठवलेला नफा गेला. प्रश्न आधी आणि सिद्धान्त मागून, हा क्रम तुमचा. उलट क्रमाने शिकवलेले सिद्धान्त परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत, असं माझं आता पक्कं मत झालंय.

कंपनी "ख", म्हणजे फुजीफिल्म, तुम्ही मुद्दाम दुसऱ्या तासाला ठेवलीत. जगातली रंगीत फिल्मची मागणी २००० च्या सुमाराला शिखरावर होती आणि तिथून दोघींनाही एकच उतार लागला. फुजीने पुढच्या वर्षांत विचारलं की फिल्म बनवताना आपल्याला नेमकं काय काय येऊ लागलं? उत्तरातून एलसीडी पडद्यांसाठी लागणारी संरक्षक फिल्म वाढवली गेली, २००६-०७ मध्ये सौंदर्यप्रसाधनं आली (फिल्ममध्ये जिलेटिन असतं, ते कोलॅजनपासूनच बनतं आणि फोटोचा रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखावं लागतं, त्वचेचंही तेच), २००८ मध्ये औषध कंपनी. हे ऐकून मुलं टाळ्या पिटतात: "विविधीकरण केलं म्हणून वाचले!" तेव्हा तुम्ही १९८८ चा कागद पुन्हा वाटायचात. विविधीकरण कोडॅकनेही केलं होतं की. मग फरक कशात? वेळेत, कर्जात, की आपल्या कौशल्याशी असलेल्या नात्यात? यावर वर्ग कधीच एकमताने उठत नाही. तुम्ही त्यांना एकमतावर आणायचा प्रयत्नही करत नव्हता, आणि सुरुवातीला मला त्याची भारी चिडचिड व्हायची.

व्यवस्थापनाच्या संकल्पनांबाबत तुमचा नियम वेगळा होता: प्रत्येक गाजलेल्या निष्कर्षाशेजारी त्याला टोचणारा पुरावा ठेवायचा. आन्री फायोल यांनी १९१६ मध्ये सांगितलेली नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच कार्यं शिकवून झाली की लगेच हेन्री मिंट्झबर्ग. त्यांनी पाच मुख्य अधिकाऱ्यांचं प्रत्येकी एक आठवडा निरीक्षण केलं आणि त्यांच्या कामांपैकी निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत असल्याचं १९७३ मध्ये मांडलं. फोन, कोणीतरी डोकावणं, अर्धवट बैठक. मग फायोल खोटे का? मुलं आधी "हो" म्हणतात. नंतर एखादा म्हणतो, "सर, फायोल काय साधायचं ते सांगतायत, मिंट्झबर्ग दिवस कसा जातो ते." असा मुलगा निघाला की तास सार्थकी लागतो.

हॉथॉर्नचं तर तुम्ही सोनंच केलंत. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांची गोष्ट सगळे एवढीच सांगतात की कामगारांकडे लक्ष दिलं आणि उत्पादन वाढलं. टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) जुळवणाऱ्या मुलींपैकी दोघींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून मध्येच बदललं होतं, हे कोणी सांगत नाही. आणि त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ पुरुष कामगारांच्या तुकडीचं निरीक्षण झालं, तिथे उत्पादन वाढलंच नाही. रोज किती काम करायचं हे त्यांनी आपापसांत ठरवलेलं होतं. जास्त केलं तर कामाचे दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही धास्ती. ठरल्यापेक्षा पुढे जाणाऱ्याच्या दंडावर शेजारी जोरात गुद्दा हाणायचा. तो गुद्दा तुम्ही टेबलावर मूठ आपटून दाखवायचात. मी तेवढा नाट्यमय नाही, पण मुलांच्या लक्षात तोच राहतो. मग अनौपचारिक गटाची व्याख्या ती आपणहून करतात.

तुमच्या सगळ्याच गोष्टी मी घेतल्या असं नाही. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके या चौकटीला तुम्ही "आळशी माणसाचं विश्लेषण" म्हणायचात आणि वर्गात येऊ देत नव्हता. मी येऊ देतो, फक्त प्रत्येक बलस्थानापुढे "कोणाच्या तुलनेत?" हे लिहायला लावतो. तेवढ्याने निम्मी बलस्थानं आपोआप गळतात. समासात मी हे लिहून ठेवलंय, वाचलं असेल तर नाराज होऊ नका.

गुण देण्याबद्दल मात्र शंभर टक्के तुमचाच. दोन विरुद्ध निष्कर्षांच्या उत्तरपत्रिकांना सारखेच गुण दिले म्हणून एक पालक माझ्याकडे भांडायला आले होते. दोन्ही तक्ते समोर ठेवले आणि चौथा रकाना वाचायला दिला. त्यांचं समाधान झालं की नाही सांगता येत नाही, पण भांडण थांबलं. या पद्धतीत तपासायला वेळ खूप जातो आणि मोठ्या वर्गात ती अर्धीमुर्धीच जमते, हेही नव्या सहकाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं.

सध्या मी जहाजावरच्या मालाच्या कंटेनरवर तारखांचे कागद तयार करतोय. २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, तिथून सुरुवात. ते जहाज धाडणारे माल्कम मॅकलीन मूळचे ट्रकवाले. ट्रक कंपनी आणि जहाज कंपनी दोन्ही हातात ठेवायला अमेरिकेतले नियम आड येत होते, म्हणून त्यांनी भरभराटीतली ट्रक कंपनी सोडली. हा झाला कायद्याचा धागा. पण विद्यार्थ्यांना मला मॅकलीनच्या खुर्चीत बसवायचं नाही, लंडनच्या गोदीच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवायचंय. माल चढवण्या-उतरवण्यात तरबेज हजारो हात, नदीकाठची गोदामं, सगळं आजवर कमाईचं. १९५६ मध्ये त्याला यातलं काय दिसलं असतं आणि कोणाकडून? तिथल्या जुन्या गोद्या १९६७ पासून एकेक बंद होत गेल्या, ते शेवटच्या कागदावर. मधला, पेट्यांची मापं जगभर एकसारखी ठरण्याच्या काळातला कागद काही केल्या जमत नाहीये. त्यात निर्णय कुठला विचारावा तेच सुचत नाही. कच्चा मसुदा सोबत जोडतोय. लाल पेन हाताशी घेऊनच वाचा, आणि फोन संध्याकाळी सहानंतर केलात तर बरं, तोवर तास असतात.

आपला कृतज्ञ,
तुमच्या शेजारच्या टेबलावरचा