रॉकीचं ताट आणि काकीचा हात

वेंगुर्ले,
श्रावण

प्रिय दत्ता,

गणपतीला तू येशीलच, पण तोवर थांबवेना म्हणून लिहितोय. फोनवर रॉकीच्या वजनाचा विषय काढावा तर काकी शेजारीच असते आणि तिच्यासमोर मला हे नीट बोलता येत नाही.

काल तुमच्या या लॅब्राडॉर कुत्र्याला कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. वजन 43 किलो भरलं. त्याच्या अंगकाठीला 33 च्या आसपास पुरे, असं डॉक्टर म्हणाले. तू आलास की स्वतःच बघ: तळहात हलकेच फिरवला तर बरगड्या बोटांना लागायला हव्यात, वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं असावं. रॉकीचं यातलं काहीच नाही. अंगावरची चरबी जोखायची 1 ते 9 अशी एक मोजपट्टी असते, तीत 4-5 म्हणजे उत्तम. याला 8 मिळाले. रक्त तपासलं, थायरॉईड ठीक आहे. म्हणजे जे काही आहे ते ताटातलं.

लॅब्राडॉर जातच खादाड म्हणतात, त्यामागे कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की सुमारे पाव लॅब्राडॉर कुत्र्यांच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खायची ओढ जास्त असते. त्यात गेल्या वर्षी त्याची नसबंदी झाली. त्यानंतर शरीराची गरज बरीच उतरते, ताट मात्र होतं तेवढंच राहिलं. म्हणून तो डोळे लावून बसला की भुकेलाच आहे असं धरता येत नाही.

आता हिशोब सांगतो. डॉक्टरांनी दिवसाला साधारण 960 कॅलरी ठरवून दिल्यात, त्यातला वरचा खाऊ दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. एक ग्लुकोज बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरींचं, म्हणजे चार बिस्किटांत तो हिस्सा संपला. आणि तुमच्या घरात सकाळी चहाबरोबर बिस्किटं, मग घावण्याचा तुकडा, दुपारी भाताबरोबर तळलेला बांगडा, आणि काकी खोवायला बसली की खोबऱ्याचे तुकडे. ओलं खोबरं 100 ग्रॅमला 350 कॅलरी! एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, असं प्रत्येक वेळी वाटतं.

काकीला बोल लावायचा नाहीये, दत्ता. मी हळूच विषय काढला तर म्हणाली, "मुक्या जनावराक उपाशी ठेवू काय रे?" काका गेले, तू मुंबईत, त्या घरात पुढ्यात बसून जेवणारा तोच एक उरलाय. तिच्या हातून घास काढून घेतला तर तिचा दिवसच रिकामा होईल. म्हणून मला वाटतं, घास तिचाच राहू दे, माप आपण ठरवू. सकाळी वजनकाट्यावर दिवसाचं खाणं ग्रॅममध्ये मोजायचं (वाटीचा अंदाज नको, तो फसवतो) आणि त्यातलंच मूठभर एका डब्यात काढून तिच्याजवळ द्यायचं. दिवसभर काय द्यायचं ते त्या डब्यातलं. वर काकडी, उकडलेला दुधी किंवा भोपळा चालेल. कांदा-लसणाचं कालवण मात्र अजिबात नको, ते कुत्र्याला विषच.

नुसता भात कमी करून भागत नाही, प्रथिनं टिकायला हवीत. म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायचं खास खाणं लिहून दिलंय. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के उतरलं तरी पुष्कळ, म्हणजे सहा-आठ महिने धरून चाल. फिरवायचं काम माझ्याकडे. मी पहाटेच नेईन, कारण इतक्या चरबीने आणि इथल्या दमट हवेत त्याला धाप लागते. पाऊस सरून समुद्र शांत झाला की पोहायला नेऊ, सांध्यांवर भार येत नाही.

आणि हो, मुंबईतल्या तुझ्या माऊलाही जाड म्हणून एकदम उपाशी ठेवू नकोस. जाड मांजराने काही दिवस खाणं सोडलं तर चरबी यकृतात साठते आणि ते जिवावर बेततं.

हे एवढं का लावून धरलंय? अमेरिकेत 48 लॅब्राडॉर जन्मभर पाहिले गेले, 2002 साली ते छापून आलं. एकाच वेताच्या भावंडांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, सांधेही उशिरा धरले. रॉकी सहा वर्षांचा आहे. ती दोन वर्षं मला त्याला मिळवून द्यायची आहेत, काकीसाठीसुद्धा.

तेव्हा तू आजच तिला फोन कर. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. "डॉक्टरांनी सांगितलंय" असं म्हण आणि डब्याचं समजावून सांग. येताना स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आण, इथला तराजू 50 ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. बिस्किटांचे पुडे आणू नकोस. दोन आठवड्यांनी पुन्हा कुडाळला नेतोय, वजन कळवतो.

तुझा,
बाबू