खोटी साक्ष बोटानेही दिली जाते

संपादक महोदय,

ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनात कसे वागावे, हा विषय निघाला की बोलणे लगेच कायदे, पक्ष आणि मतदानाकडे वळते. मला त्याआधीचा प्रश्न जास्त निकडीचा वाटतो. मोबाइलवर आलेली गोष्ट खरी की खोटी हे न पाहता आपण ती पुढे का ढकलतो?

हे मी स्वतः केले आहे. जळालेल्या चर्चचा फोटो आला. खाली ते कोणत्या समाजाने जाळले, तेही लिहिले होते. मी तो त्याच क्षणी मंडळीच्या गटात टाकला, वर ‘प्रार्थना करा’ असेही लिहिले. दुसऱ्या दिवशी एका तरुणाने दाखवून दिले की फोटो कित्येक वर्षांपूर्वीचा आहे आणि आग विजेच्या बिघाडाने लागली होती. मी फोटो पुसला, पण तोवर तो कुठवर गेला होता, देव जाणे. त्या समाजातल्या कुणी तो पाहिला असेल, तर माझ्या प्रार्थनेबद्दल त्याला काय वाटले असेल?

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा (कुणी ती नववी मोजतात, कुणी आठवी) लहानपणी आपण ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर शिकतो. मुळात ती न्यायसभेतली आज्ञा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात देहदंडाचा पहिला धोंडा साक्षीदारानेच टाकायचा आहे. १९ व्या अध्यायात एकाच्या साक्षीवर कुणाला दोषी धरायचे नाही, आणि साक्ष खोटी निघाली तर दुसऱ्यासाठी योजलेली शिक्षा साक्षीदारालाच. बायबलमधल्याच गोष्टीत नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा घ्यायला ईजबेल राणीला सैन्य लागले नाही, दोन खोटे साक्षीदार पुरले. ख्रिस्ती शिकवण सांगणाऱ्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत या आज्ञेखाली म्हटले आहे की कुणाचे शब्द फिरवू नयेत आणि कुणालाही त्याचे म्हणणे न ऐकता दोषी ठरवण्यात सामील होऊ नये. हे वाचताना मला आमचा गटच डोळ्यांसमोर येतो.

अफवेचा मार आपल्या पूर्वजांनी सोसलेला आहे. इ.स. ६४ मध्ये रोम जळाले तेव्हा सम्राट नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला. पुढे ते लहान मुलांना मारून खातात, असेही लोक बोलत. पण हाती सत्ता आल्यावर आपल्याच लोकांनी तेच केले, हे सांगायला आपण कचरतो. युरोपातल्या प्लेगच्या साथीत यहूदी विहिरींत विष टाकतात अशी आवई उठली. १३४८ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी लिहून कळवले, की यहूदीही याच रोगाने मरत आहेत आणि जिथे यहूदी नाहीत तिथेही रोग आहे. इतका साधा पुरावा! तरी १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात यहूद्यांना जाळण्यात आले. तिथे तेव्हा प्लेग पोचलाही नव्हता. जाळणारे बाप्तिस्मा घेतलेले लोक होते.

कुणी विचारतील, आमच्या माणसांवर खरोखर अन्याय होतो तेव्हा गप्प बसायचे का? मुळीच नाही, जरूर बोलावे. पण एक खोटा फोटो पसरला की पुढच्या दहा खऱ्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याची किंमत ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला तो मोजतो.

पाळकांनी या आज्ञेवर बोलताना मोबाइलचे नाव घेऊन बोलावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या गटात आता एक ठरले आहे. चुकीचा संदेश नुसता पुसायचा नाही, तर तो कुणाविरुद्ध होता ते सांगून, तिथेच, सर्वांसमोर दुरुस्ती करायची. पहिली दुरुस्ती माझी होती.

— एक वाचक