‘देव एकच’ म्हणून वर्गणी मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देव आहे की नाही’ यावर आपल्या पानावर वाचकांची पत्रं येत आहेत. वाद रंगलाय, पण आपण कोणत्या देवाबद्दल बोलतोय हे कुणीच सांगत नाही. आमच्या मोर्शी तालुक्यात तरी ते आधी सांगावं लागतं.

परवा गावात सप्ताहाची वर्गणी सुरू होती. पोरं पावतीपुस्तक घेऊन महानुभाव पंथातल्या एका आजींच्या दारात गेली. आजींनी नाही म्हटलं, तसा एक पोरगा बोलला, “काऊन आजी, देव त एकच हाय ना! मंग द्या ना.” आजींनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं अन् म्हणाल्या, “तुमच्यात असन बापू. आमच्यात देवता येगळ्या, परमेश्वर येगळा.” पोरं हसत निघून गेली. ते हसणं मला फार लागलं.

महानुभाव पंथाचं मोठं स्थान, चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं रिद्धपूर, आमच्याच तालुक्यात आहे. तेराव्या शतकात या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी सांगितलं की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादी आणि एकमेकांपासून वेगळे. देवता आपापल्या शक्तीपुरतं फळ देतील, मोक्ष फक्त परमेश्वर देईल. अद्वैती म्हणतो, जीव आणि ब्रह्म मुळात दोन नाहीतच. आता या दोघांना ‘एकच’ म्हणायचं, तर दोघांचंही ऐकलं नाही असंच झालं. आजींनी एका वाक्यात जे सांगितलं त्यामागे सात शतकांचा विचार आहे.

बौद्ध घरातून नकार आला की पारावर तर ‘माजले’ म्हणेपर्यंत मजल जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यातली पहिलीच. ती पाळणारा माणूस मंदिराला वर्गणी देत नाही, यात माज कुठला? जैनांतही जग घडवणारा ईश्वर नाही. तीर्थंकरांपुढे हात जोडतात ते काही मागायला नव्हे. मुसलमानांचा अल्लाह एकच, पण त्याला रूप नाही अन् भागीदारही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गोंड माणूस आपण सात देवे की सहा देवे, म्हणजे आपल्या कुळाचे देव किती, हे सांगतो, त्यावरून सोयरीक जुळते. मेलेला माणूस विधीनं पेनात, म्हणजे कुळाच्या देवात, मिळतो. म्हणजे देव हा तिथं कुळाचाच भाग.

मी स्वतः माळकरी. माझा विठोबा विटेवर उभा आहे, त्याच्यावर मला रुसता येतं, भांडता येतं. निर्गुण निराकारावर रुसायचं कसं, ते मला जमत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या मानण्याला मी हात लावत नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांनी सगळ्या धर्मांच्या लोकांना एका प्रार्थनेला बसवलं, ते मला मनापासून प्यारं आहे. पण सोबत बसणं निराळं, अन् शेजाऱ्याचा देव खोडून तिथं आपला लिहिणं निराळं. ‘सगळे देव एकच’ हे ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं. दारात उभं राहून म्हटलं की त्याचा अर्थ ‘आमचाच खरा’ एवढाच उरतो.

संपादकसाहेब, आहे-नाहीची पत्रं थोडे दिवस बाजूला ठेवा. रिद्धपूरच्या एखाद्या महंतांना, विहारातल्या उपासिकेला, गोंडांच्या भुमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, आठवड्याला एक रकाना द्या आणि ते काय मानतात, का मानतात, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांच्याकडे जाऊन उतरवून आणायची माझी तयारी आहे.

आपला,
एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती