‘हरित’ हॉटेलच्या ट्रॉलीमागून: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. रोज 14 खोल्या माझ्या वाट्याला येतात. लॉबीत ‘पर्यावरणस्नेही हॉटेल’ अशी पाटी लागली, तेव्हा स्टाफलाही पेढे मिळाले होते. त्यामुळे ही तक्रार निम्मीच समजा.

आधी चांगलं सांगते. बाथरूमचं ॲसिड बंद होऊन सौम्य द्रावण आलं आणि माझ्या बोटांची सालं निघायची थांबली. हे मी विसरणार नाही.

पण 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर बाटल्या काचेच्या झाल्या. बंदी योग्यच आहे, फक्त 28 भरलेल्या बाटल्यांची ट्रॉली गालिच्यावरून एकदा ढकलून बघा. पाहुण्याने खोलीचं किल्ली-कार्ड काढलं की एसी बंद होतो, आणि खोली साफ होते ती पाहुणा बाहेर असतानाच. खिडक्या उघडत नाहीत. मे महिन्यात आम्ही चादर घालतो ती घाम पुसत पुसत.

सगळ्यात अवघड आहे ते ‘सफाई नको, पाणी वाचवा’ हे कार्ड. तीन दिवस तुंबलेली खोली चौथ्या दिवशी दुप्पट वेळ खाते, पण हिशेबात ती एकच. उलट रोजच्या खोल्या घटल्या की कंत्राटी मुलींना निरोप जातो, “उद्या येऊ नकोस.” 2018 साली अमेरिकेत मॅरियट या हॉटेल कंपनीचे हजारो कामगार संपावर गेले, तेव्हा अशाच ‘हरित’ योजनेमुळे बुडणारं काम हाही एक मुद्दा होता.

घनकचरा नियमांप्रमाणे हॉटेलने कचरा जागीच वेगळा करायचा. पाहुणा सगळं एकाच डब्यात टाकतो. वेगळं आम्ही करतो, दाढीच्या ब्लेडसकट.

साहेब, शासनाने हॉटेलांना उद्योगाचा दर्जा आणि त्यासोबत सवलती दिल्या. पर्यावरणासाठी सवलत किंवा शाबासकी देताना वीज-पाण्याच्या बिलांसोबत हाउसकीपिंगचा ड्यूटी चार्टही मागवा. एकीच्या वाट्याला किती खोल्या, तुंबलेली खोली दोन धरली का, कंत्राटी मुलीचा दिवस कापला का, हातमोजे किती दिवसांनी मिळतात, एवढंच बघा.

तपासणीचे साहेब लॉबीतून वर येतात आणि लॉबीतूनच जातात. पुढच्या वेळी त्यांना सर्व्हिस लिफ्टने पाठवा, चेकआउटच्या गर्दीत.

आपली,
एक रूम अटेंडंट