रात्रपाळीच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

डिस्चार्ज होऊन तीन आठवडे झाले, तरी रात्री मॉनिटर वाजल्यासारखं वाटतं आणि मी दचकून उठते. उठले की तुम्ही आठवता.

ऑपरेशननंतर आमची पाच महिन्यांची लेक व्हेंटिलेटरवर होती. हृदयातलं छिद्र बुजवलं होतं, पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांनी इतके महिने जादा दाब सोसलेला. जरा काही झालं की त्या आवळून बसायच्या. म्हणून श्वासातून नायट्रिक ऑक्साइड सुरू केलं. हा हसवणारा वायू नव्हे, हे तुम्हीच समजावलंत. तो फुप्फुसांतल्या वाहिन्या सैल करतो आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निकामी करतं, त्यामुळे बाकी शरीराचं ब्लडप्रेशर पडत नाही. दहा लाख भागांत फक्त 20 भाग, आणि माझ्या लेकीचे ओठ गुलाबी झाले.

इतकं ताणलं जायलाच नको होतं. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा, चार घोटांत धाप लागायची. ‘तुम्ही उगाच काळजी करता’ म्हणत ज्यांनी आम्हाला दोनदा परत पाठवलं, त्यांनी त्या घामाबद्दल एक प्रश्न तरी विचारायचा होता. तो राग अजून गेलेला नाही.

नळीतला कफ ओढायची वेळ मला सगळ्यात भीतीची वाटायची. तेवढ्यानेही वाहिन्या आवळायच्या, ऑक्सिजनचा आकडा कोसळायचा. औषधाने गाढ झोपवलेल्या लेकीच्या कानाशी वाकून तुम्ही दर वेळी सांगायचात, “बाळा, आता जरा खोकल्यासारखं होईल हं, लगेच संपेल.” मग क्षणभर थांबायचात. तिला ऐकू येतं का, असं मी विचारलं, तर म्हणालात, “येत नसेल असं तरी कुठे माहीत आहे?”

सिस्टर, तोवर तिच्यावर फक्त उपचार होत होते. चांगलेच होत होते, पण तिला सांगून कुणी करत नव्हतं. बोलता न येणाऱ्या जिवालाही विचारात घेणारी माणसं फार थोडी भेटतात.

वायू कमी करतानाचे दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. 20 वरून 5 पर्यंत सगळं सुरळीत, मग एकेक आकडा, आणि 1 वरून बंद करताच दाब पुन्हा उसळला. परत सुरू करावं लागलं. मी खचले होते. सिल्डेनाफिल हे त्याच वाहिन्या सैल ठेवणारं औषध देऊन पुन्हा प्रयत्न केला, त्या रात्रीही तुम्ही आधी तिच्या कानाशी गेलात. या वेळी आकडे हलले नाहीत.

ते औषध अजून चालू आहे. रोज ड्रॉपर भरला की मी तिच्या कानाशी वाकते आणि सांगते, “कडू आहे हं, लगेच संपेल.” ती डोळे मोठे करून ऐकते आणि ओठ घट्ट मिटून घेते.

तुमची,
बेडशेजारच्या खुर्चीतली आई